‘हरणवाला’ पूर्ण कुणी पाहिला?

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे आणि पुढचे काही सांगण्याआधी एक गोष्ट नोंदवून ठेवतो: माझ्यात बिघाड नव्हता. चौदा वर्षांच्या नोकरीत मी दोनदाच खरोखर आजारी पडलो. १९९३ मध्ये आतला पट्टा तुटला आणि १९९७ च्या पावसाळ्यात एक उंदीर माझ्यात राहायला आला. बाकी जेवढ्या वेळा माझे झाकण उघडले गेले, तेवढ्या वेळा दोष भलत्याच कशाचा तरी होता. कशाचा, ते सांगतो. फिनलंडचा.

माझे सुटे भाग जपानचे आणि जोडणी नोएडाची. १९९० मध्ये नांदेडहून एसटीच्या टपावर बसून मी हिंगोलीला आलो. बसस्थानकामागच्या गल्लीत मकबूलभाईंचे व्हिडिओ कॅसेटचे दुकान होते. काम सोपे होते. लोक कॅसेट न्यायचे. ज्यांच्याकडे यंत्र नसे ते मला आणि रंगीत टीव्हीलाही सोबत न्यायचे. कॅसेट पोटात घ्यायची, तिची काळी फीत फिरवायची आणि चित्र दाखवायचे. साखरपुडा असो की बारसे, मी गेलो की गाव जमायचे. माझ्या गळ्यात हार घातल्याचेही मला आठवते. तो माझ्या हवेच्या जाळीवर आला होता आणि मी तापलो होतो, पण लोकांचा हेतू चांगला होता.

१९९८ च्या जानेवारीत मकबूलभाई हैदराबादहून जुन्या कॅसेटची दोन पोती घेऊन आले. कुणी परदेशी इंजिनिअर देश सोडताना विकून गेला होता. बहुतेक कॅसेट कोऱ्या किंवा खराब होत्या. अकरा मात्र सिनेमे होते. त्यांच्यावरची अक्षरे इंग्रजी वाटायची, पण काही अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबे होती. मकबूलभाईंनी त्या निवृत्त भूगोल शिक्षक उत्तमराव यांना दाखवल्या. एका डबीत इंग्रजी कागद निघाला. त्यावरून उत्तमरावांनी शाळेचा नकाशा उघडला आणि अगदी वर बोट ठेवले.

“फिनलंड. बर्फ हाय नुसता. माणसं लई कमी.”

“तरीच बोलत न्हाईत,” मकबूलभाई म्हणाले.

कारण फीत तपासायला म्हणून त्यांनी दुपारी मला सुरू केले होते. दहा मिनिटे झाली तरी पडद्यावर कुणी तोंड उघडले नव्हते. एक म्हातारा पांढऱ्या रानातून हरणांचा कळप नेत होता. मकबूलभाई फीत पुढे पळवायला उठले आणि उभेच राहिले. मग बसले. चहावाला आला, कप ठेवून गेला, चहावर साय धरली. सिनेमा संपल्यावर त्यांनी तो मागे गुंडाळला आणि पुन्हा लावला.

इंग्रजी त्यांना जेमतेम यायचे. खालची अक्षरे वाचून होईपर्यंत पुसली जायची. सिनेमांची नावे तर वाचताच येत नव्हती, म्हणून त्यांनी आपली नावे दिली: ‘हरणवाला’, ‘बसवाली’, ‘कॅन्टीनवाली’. फळीवर त्यांना वेगळा कप्पा केला. आणि मित्रांनो, माझे वाईट दिवस सुरू झाले.

मकबूलभाई येईल त्या गिऱ्हाइकाला ते सिनेमे सुचवू लागले. हिंदी सिनेमा नेणाऱ्याच्या पिशवीत वर एक फिनलंडचा टाकायचे. एसटी डेपोतला कंडक्टर रणजीत आमचा रोजचा माणूस. तो पहिला सापडला.

“मारधाड हाय का?” त्याने विचारले.

“न्हाई.”

“गाणे?”

“एक हाय. म्हातारा म्हणतो.”

“हिरोईन?”

“हाय ना. बस चालवते.”

“भाई, बस पाहूनच तर येऊन राहिलो मी दिवसभर!”

तरी त्याने ती कॅसेट नेली, मलाही नेले, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना दुकानाच्या टेबलावर आदळले. “मशीन दाखवून घ्या. आवाज गेलाय.”

आवाज गेला नव्हता. सिनेमातली बाई बोलतच नव्हती. पण मकबूलभाई गिऱ्हाइकाशी वाद घालत नसत. त्यांनी मला ओमप्रकाश मेकॅनिककडे पाठवले. त्याने माझे झाकण काढले आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या फडक्याने माझे हेड पुसले. हेड म्हणजे फितीवरचे चित्र वाचणारा माझा नाजूक अवयव. तो दर पुसण्याने थोडा झिजतो. ज्या आजारासाठी तो पुसला, तो आजार मला नव्हताच.

पुढचा माणूस दुसरी तक्रार घेऊन आला: चित्रात मुंग्या आल्यात. खराब फितीवर पांढरे ठिपके नाचतात, त्यांना लोक मुंग्या म्हणायचे. हा मात्र पडणारा बर्फ होता. त्याने बर्फ घालवण्यासाठी माझे बटण तासभर पिळले होते. त्या एका वर्षात मला सहा वेळा उघडले. प्रत्येक वेळी ओमप्रकाश म्हणायचा, “काही सापडत न्हाई, पण साफ केलं,” आणि मकबूलभाई नव्या गिऱ्हाइकाला तोच सिनेमा द्यायचे. कोणीही तो शेवटपर्यंत पाहिला नाही. मला हे नक्की ठाऊक आहे, कारण फीत कुठे थांबली हे माझ्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार?

दुकानाचा दुसरा अर्धा भाग मकबूलभाईंच्या पत्नी अमिनाबी सांभाळायच्या. लग्नाचे शूटिंग त्यांचा भाचा मुबश्शीर करायचा आणि त्याच्या प्रती अमिनाबी माझ्याकडून उतरवून घ्यायच्या. लगीनसराईत कोऱ्या कॅसेट साऱ्या हिंगोलीत मिळत नसत. मग जुन्या कॅसेटच्या, चित्र पुसले जाऊ नये म्हणून तोडलेल्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली की तिच्यावर नवे चित्र उतरवता येई. जुने जाई ते कायमचेच. अमिनाबींनी त्या अकरा कॅसेटकडे वर्षभर पाहिले आणि शेवटी मुदत दिली.

“एक आदमी लाके दिखाओ, जिसने पूरा देखा. एक. ईद के बाद की शादियों तक. नै तो मैं शादियां उतारती इनपे.”

“मैंने देखा ना,” मकबूलभाई म्हणाले.

“तुम गिनती में नै.”

ईद झाली. १९९९ चा फेब्रुवारी आला. मकबूलभाई मेहुण्याच्या आजारपणासाठी नांदेडला निघाले, त्याच सकाळी पुसेगावकडच्या एका तांड्यावरून हिरासिंग आला. मुलाचा साखरपुडा होता. मला, टीव्हीला आणि तीन हिंदी सिनेम्यांना त्याने जीपमध्ये घातले. मकबूलभाईंनी जाता जाता सवयीने ‘हरणवाला’ वर टाकला.

साखरपुडा झाला, तिन्ही सिनेमे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे पांगले असताना हिरासिंगची आई रुख्मिणीबाई टीव्हीसमोर येऊन बसली आणि नातीला, संगिताला, उरलेली कॅसेट लावायला सांगितली. तांड्यात आपसात बंजाऱ्यांची गोरमाटी बोली बोलतात, ती मला पुरती कळत नाही. पण संगिता खालची इंग्रजी अक्षरे लावू लागली तेव्हा म्हातारीने तिला गप्प केले, एवढे कळले. ती जनावरांकडे पाहत होती. म्हाताऱ्याची गाभण हरणी कळपातून भटकून तळ्यापलीकडे गेली होती. तळ्यावरचा बर्फ विरघळत होता आणि तो एका हरणाच्या पाठीवर सामान बांधून तिला आणायला निघाला होता. रुख्मिणीबाई पुढे सरकली, पडद्यावरच्या ओझ्याला बोट लावले आणि चिडून काहीतरी बोलली. संगिता हसली आणि मराठीत म्हणाली, “आजी, त्याला कुठं ऐकू येतं, ओझं एकाच अंगाला झालंय म्हणून?”

मित्रांनो, माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला तास होता. कुणीही माझे बटण पिळले नाही.

म्हाताऱ्याने तळ्यावर पाय ठेवला आणि वीज गेली.

वीज नसताना मला कॅसेट बाहेर काढता येत नाही. रुख्मिणीबाई दोन तास बसून राहिली. हिरासिंगला चारपर्यंत मला परत द्यायचे होते. आई काय म्हणत होती ते त्याने ऐकले, मान हलवली आणि पोटातल्या कॅसेटसकट मला जीपमध्ये ठेवले. दुकानात अमिनाबींनी विचारले, “सब ठीक?”

“मशीन बराबर हाय,” हिरासिंग म्हणाला आणि जीप चालू होती म्हणून लगेच निघाला.

एवढेच. आई अर्ध्यावर उठायला तयार नव्हती, हे त्याने सांगितले नाही. विसरला असेल, किंवा ही सांगायची गोष्ट आहे असे त्याला वाटले नसेल. अमिनाबींनी मला वीज दिली, कॅसेट बाहेर काढली आणि फीत मध्यावर थांबलेली पाहिली.

“इन लोगां ने भी आधा छोड़ दिया,” त्या म्हणाल्या.

मी जिवाच्या आकांताने गुरगुरलो. त्यांना वाटले, धूळ गेली असेल.

दुसऱ्या दिवशी मुबश्शीर आला. कळमनुरीच्या एका लग्नाच्या चार प्रती हव्या होत्या. अमिनाबींनी फिनलंडच्या कप्प्यातून चार कॅसेट काढल्या, चिकटपट्टी लावली आणि ‘हरणवाला’ मागे न गुंडाळताच माझ्यात घातला. लाल बटण दाबले. ते बटण दाबले की मला नाही म्हणता येत नाही. तळ्यावरच्या म्हाताऱ्यावर मी स्वतः हळदीचा कार्यक्रम उतरवला.

मंगळवारी बाजाराच्या दिवशी रुख्मिणीबाई एसटीने आली. मकबूलभाई परतले होते. ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली.

“कॅसेटवाल्या, त्या हरणीचं काय झालं?”

मकबूलभाई जागेवरून उठले. “कोणत्या हरणीचं, माय?”

“गाभण होती ती. लाईट गेली अन् पोरानं मशीन उचलून आणलं. म्या सांगून राहिले, थांब, थांब. पुढचं दाखव मला. म्हणून आले.”

मकबूलभाईंनी अमिनाबींकडे विजयी नजरेने पाहिले. अमिनाबींनी कॅसेट लावली, मध्यापर्यंत मागे घेतली. बर्फ आला. म्हातारा काठावर आला, त्याने पाय उचलला, आणि पडद्यावर हळदीने माखलेला नवरदेव आणि बँडबाजा आला.

बँड वाजत राहिला. मकबूलभाईंनी टीव्ही बंद केला. त्यांनी म्हातारीसाठी स्टूल पुसले आणि स्वतः खाली बसले.

“ऐका, माय. मी पाच डाव पाहिलाय. तळ्याच्या मधोमध ओझं घसरलं.”

“म्या म्हणलंच होतं.”

“सामान पाण्यात गेलं. हरणाला त्यानं दोरीनं ओढून काढलं. पल्याड पोचला, तर हरणी झाडाखाली उभी. व्यालेली. पिल्लू पायाशी.”

“जितं?”

“जितं. मागं वळून पाहतो तर बर्फ फुटलेला. परत यायला वाट न्हाई. मग तो तिथंच बसला. काही बोलला न्हाई. बराच वेळ बसला. तिथंच संपतो.”

रुख्मिणीबाईने पदर सावरला. “बसलच की. व्यालेलं जनावर टाकून कुठं जाईल?” ती उठली. तिच्या दृष्टीने सिनेमा पूर्ण झाला होता.

आतून अमिनाबींचा आवाज आला. “और वो घर कैसा आया?”

“नै मालूम. दिखाया नै.”

“ऐसा कैसा पिक्चर?” त्या म्हणाल्या, पण हातातले काम थांबले होते.

उरलेल्या सात कॅसेटवर पुन्हा लग्न उतरले नाही. चार मात्र गेल्या त्या गेल्या. पुढे सीडीच्या चकत्या आल्या, २००४ मध्ये मला माळ्यावर ठेवले. त्या सात कॅसेट माझ्या शेजारीच आहेत. फीत अधूनमधून फिरवली नाही तर तिला बुरशी लागते. त्यांना लागली आहे. मकबूलभाई सोडले तर सहा वर्षांत अकरा सिनेमांतला एक, एका बाईने, तोही अर्धाच मनापासून पाहिला, हा माझा हिशेब आहे आणि तो मला अजून टोचतो.

मित्रांनो, यंत्र जपा, फीत मागे गुंडाळून द्या, लाल बटण दाबण्याआधी आत काय आहे ते पाहा. पण याहून मोठी विनंती दुसरीच आहे. कुणी मनापासून एखादा सिनेमा, एखादे पुस्तक तुमच्या हातात दिले आणि तुम्हाला ते आवडले, तर परत देताना तेवढे सांगून टाका. मला बोलता येत नव्हते. हिरासिंगला येत होते.