कुलपातल्या शिफारशी

आमच्या वाचनालयाच्या बालविभागात एक काचेचं कपाट आहे. त्याला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली आमच्या ग्रंथपाल साहेबांच्या खिशात आहे. कपाटावर रंगीत अक्षरांत लिहिलंय, 'मुलांनी मुलांसाठी निवडलेली पुस्तकं'. एकदा आत गेलेलं पुस्तक पुन्हा कुठल्याही मुलाच्या हाती लागत नाही, कारण हाती लागलं तर ते खराब होईल. मी थट्टा करत नाहीये. साहेबांनी हा नियम बैठकीत मांडला तेव्हा अध्यक्षीणबाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि चहाचे कप गोळा करता करता मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला होता.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी 'बालवाचक संवाद' असतो. संवाद फक्त नावात. मुलं एकेक करून उभी राहतात, आवडतं पुस्तक छातीशी धरतात आणि ते वाचण्याची बाकीच्या मुलांना शिफारस करतात. भाषण आईबापांनी लिहून दिलेलं असतं. 'हे पुस्तक आपल्याला वेळेचं महत्त्व शिकवतं,' असं एखादं चिमुरडं पोर घोकल्यासारखं सांगतं आणि पहिल्या रांगेत त्याची आई ओठ हलवत असते, न जाणो, मधेच अडकलं तर! मग अध्यक्षीणबाई विचारतात, "यातून तू काय शिकलास, बाळ?" या बाईंचं कापडाचं भलंमोठं दुकान आहे आणि त्यांनी आमच्याकडून आजवर एकही पुस्तक नेलेलं नाही. पोर काय शिकलं ते सांगतं, फोटो निघतो, पुस्तक कपाटात जातं आणि मुलं बिस्किटांवर तुटून पडतात. शिफारस ऐकून कुणी माझ्या टेबलाशी आलंय आणि 'मावशी, ते पुस्तक द्या ना' म्हणालंय, असं कधी झालं नाही. झालं असतं तरी मी काय देणार होते, डोंबल?

या सगळ्या गर्दीत खरी वाचणारी एकच मुलगी होती. मी तिला खार म्हणायचे. तिची आई समोरच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गणिताच्या शिकवण्या घेते आणि आमच्या भागातली निम्मी पोरं तिच्या धाकात आहेत. शाळा सुटल्यापासून आईच्या शिकवण्या संपेपर्यंत खार आमच्या दोन कपाटांच्या मधल्या फरशीवर फतकल मारून बसायची. तिचं सभासद-कार्ड आईच्या पर्समध्ये. पुस्तक न्यायचं ते आईच निवडायची, तेही उपयोगाचं. बिनउपयोगाची पुस्तकं खार इथंच बसून वाचायची. कुणाशी बोलायची नाही, कुणी तिच्याशी बोलायचं नाही. एवढ्याशा पोरीनं इतकं एकटं असावं हे मला बरं वाटायचं नाही, पण मैत्रिणी काही वाचनालयातून घरी नेता येत नाहीत.

वर्षातून एकदा आम्ही पुस्तकं काढून टाकतो. तीन वर्षांत ज्या पुस्तकावर घरी नेल्याचा शिक्का पडला नाही, ते रद्दीत. कॉम्प्युटर नावं छापतो, मी कपाटातून पुस्तकं काढते, सोमवारी टेम्पो येतो. यंदा त्यातलं एक पुस्तक जागेवर सापडेना. एका नावाड्याची गोष्ट, जुनी, बारीकशी, कोपरे गळालेली. शोधून शोधून मी घामाघूम झाले. शेवटी ते सापडलं जुन्या सरकारी राजपत्रांच्या ठोकळ्यांमागे, जिथं वकीलसुद्धा हात घालत नाहीत. पानं वापरून वापरून कापडासारखी मऊ झालेली, आणि मागच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही. हा उद्योग कुणाचा, हे सांगायला मला ज्योतिषी लागला नाही. मी तिला खार उगाच म्हणत नव्हते.

"हे तू लपवलंस?" मी विचारलं.

"हो," खार म्हणाली. लाजबीज काही नाही. "कुणी नेलं असतं तर?"

"कुणी नेलं नाही म्हणूनच ते आता रद्दीत चाललंय."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मग तुम्ही घ्या ना तुमच्या नावावर."

घेतलं असतं हो. पण मागच्या वर्षी मी अशीच काही पुस्तकं नवऱ्याच्या नावावर काढून वाचवली होती. निवृत्तीला आलेला माणूस चिमणीपाखरांची चित्रमय पुस्तकं ढिगानं का नेतो, असं साहेबांनी मला भर कचेरीत विचारलं होतं. तेव्हापासून माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या वाचनावर साहेबांची बारीक नजर आहे. हे सगळं मी तिला सांगितलं. 

"या शनिवारी माझी शिफारस आहे," ती म्हणाली. "आईनं शास्त्रज्ञाचं चरित्र निवडलंय. पण मी याची शिफारस केली तर? मग रद्दीतून सुटेल?"

"सुटेल. पण कपाटात जाईल."

"ते साहेब उघडतात ना कधीतरी?"

"उघडतात की. पाहुणे आले की. लांबून दाखवायला."

खार त्या काचेकडे बघत राहिली. रद्दी नाहीतर कुलूप, एवढंच तिच्या हातात होतं. तिसरी वाट मलाही सुचत नव्हती आणि त्याचा मला भयंकर राग येत होता. पुस्तक वाचवायला वाचनालयातच जागा नसावी, म्हणजे कमालच झाली.

शनिवारी खुर्च्या भरल्या. मागच्या रांगेत सायकलवाल्याचा मुलगा येऊन बसला होता, त्याला सगळे वादळ म्हणतात. शाळेनं सगळ्या मुलांना सक्तीनं सभासद केलं तेव्हा त्याचंही कार्ड निघालं, ते माझ्या खणात कोरं करकरीत पडून होतं. वादळ दर महिन्याला न चुकता यायचा, बिस्किटांसाठी. तसं तो तोंडावर सांगायचाही. त्या अख्ख्या सभागृहात खरं बोलणारा तेवढा एकच प्राणी होता.

तिघाजणांनी प्रामाणिकपणा, स्वच्छता आणि जिद्द यांची शिफारस केली. मग खार उठली. पहिल्या रांगेत शिकवणीवाल्या बाई सरसावून बसल्या.

"माझं आवडतं पुस्तक एका थोर शास्त्रज्ञाचं चरित्र आहे," खारीनं सुरुवात केली. बाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. "ते आपल्याला चिकाटी..." इथं ती थांबली. बाईंचे ओठ एकटेच पुढं गेले. खारीनं खालमानेनं सांगून टाकलं, "हे मी वाचलेलं नाही. आईनं पण वाचलेलं नाही."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. खार सरळ माझ्या टेबलाशी आली, टेबलाखालच्या रद्दीच्या गठ्ठ्यातून नावाड्याचं पुस्तक ओढून काढलं आणि जागेवर परत गेली. मी अडवायला हवं होतं, असं साहेब नंतर म्हणाले. मला काय वेड लागलं होतं?

"यात एक नावाडी आहे," ती म्हणाली. आता शब्द तिचे होते. "तो लोकांना नदीपलीकडे सोडतो. जाताना सगळे विचारतात, पलीकडे काय आहे? तो प्रत्येकाला वेगळं सांगतो. चोराला सांगतो, तिथं पोलीसच नाहीत. एका म्हातारीचा मुलगा हरवलाय, तिला सांगतो, तिथं त्याचं दुकान आहे, दारात निळी खुर्ची आहे. सगळं खोटं. कारण तो स्वतः कधी पलीकडे उतरलेलाच नाही. माणसं सोडतो आणि होडी वळवतो. आणि मग एक दिवस, पलीकडचा काठ जवळ आलेला असताना, होडीत पाणी शिरायला लागतं."

ती गप्प झाली. सभागृहही गप्प. इतके महिने मी तिथं बसत आले, पण ही शांतता नवी होती. एरवीची शांतता कंटाळ्याची असते.

"बाळ, यातून तू काय शिकलीस?" अध्यक्षीणबाईंनी ठरलेला प्रश्न विचारला.

खारीनं खरोखरच विचार केला. "काही नाही," ती म्हणाली. "शिकायचं असेल तर आईची शिकवणी आहे."

शिकवणीवाल्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "मग त्या म्हातारीचं काय झालं?"

वादळ होता तो. उभा राहिला होता, बिस्किटांचं ताट त्याच्या शेजारी असूनसुद्धा. आमच्या संवादात एका मुलानं दुसऱ्या मुलाला प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे साहेब गडबडले. "प्रश्न नंतर, प्रश्न नंतर," असं म्हणत ते लगबगीनं पुढं आले, खिशातून किल्ली काढली आणि खारीपुढं हात पसरला. "छान, छान. वेगळी निवड आहे. आण इकडे, कपाटात ठेवू या."

खारीनं पुस्तक दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. मला वाटलं, ही आता रडणार. पण ती साहेबांच्या हाताखालून निसटली, खुर्च्यांमधून वाट काढत मागच्या रांगेपर्यंत गेली आणि पुस्तक वादळापुढं धरलं.

"घे. घरी ने. आत्ताच."

त्यानं हात पुढं केला. त्याच्या बोटांना सायकलच्या साखळीचं काळं वंगण लागलेलं. खारीनं ती बोटं पाहिली, आणि पुस्तक दोघांच्या हातात तसंच राहिलं. तिला ते सोडवेना. मला लांबून दिसत होतं, आणि मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं. आपली सगळ्यात लाडकी वस्तू जगातल्या सगळ्यात कळकट हातात द्यायची, ही काही साधी गोष्ट नाही. मोठ्यांना जमत नाही. मग तिनं डोळे मिटले आणि हात सोडले.

मी तोवर खणातून वादळाचं कोरं कार्ड शोधून काढलं होतं. तो टेबलाशी आला आणि मी शिक्का असा हाणला की अध्यक्षीणबाई दचकल्या.

"बाई, हे काय?" साहेब माझ्यावर ओरडले. "ते पुस्तक कपाटात जाणार होतं!"

"सभासदाच्या नावावर गेलंय, साहेब. आता ना रद्दीत जाणार, ना कपाटात. नियम तुमचाच आहे." इतका गोड आवाज मी सासूबाईंसमोरही कधी काढला नव्हता.

त्याची किंमत खारीनं मोजली. शिकवणीवाल्या बाईंनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं आणि जाता जाता मला सुनावलं, "आजपासून ती इथं येणार नाही. तुम्ही माझ्या मुलीला बिघडवलंय. रोज माझ्यासमोर बसवणार आहे मी तिला, शिकवणीत." आणि खरंच, सोमवारपासून दोन कपाटांच्या मधली फरशी रिकामी. पुस्तक वाचलं, पण वाचवणारी गेली. मी रोज तिकडे बघायचे आणि रोज चिडायचे. बाईंवर, साहेबांवर, त्या काचेच्या कपाटावर. टेम्पो आला, बाकीची पुस्तकं घेऊन गेला, तेव्हा त्याच्यावरही चिडले.

मुदत संपून गेल्यावर वादळ उगवला. पुस्तकावर जागोजागी काळे अंगठे. मी काही बोलायच्या आत त्यानंच विचारलं, "ती कुठंय?"

"का रे?"

"ती चुकीचं सांगत होती. नावाडी खोटारडा नाहीच. तो घाबरतो उतरायला. आणि शेवटी तो उतरतो, मावशी. पुस्तकात लिहिलेलं नाही, पण उतरतोच. उतरल्यावर त्याला ती निळी खुर्ची दिसते. दिसायलाच पाहिजे. तिला सांगायचंय मला."

"ती आता इथं येत नाही. आईच्या शिकवणीत असते. तिथं शिकवणीच्या मुलांनाच आत घेतात."

वादळाच्या तोंडून एक शब्द निघाला, तो इथं लिहीत नाही. शिकवणीला कधी जाणार नाही अशी या पोरानं शपथ घेतली होती. त्याच्या बापानं चोप देऊन पाहिला होता, आईनं रडून. तो दारात उभा राहून समोरच्या दवाखान्याच्या जिन्याकडे बघत राहिला. मग परत आला, म्हणाला, "हे पुन्हा माझ्या नावावर टाका," आणि पुस्तक शर्टात खुपसून गेला.

पुढच्या आठवड्यात शिकवणीवाल्या बाई स्वतः आल्या. रुसवा विसरून, तोंडभर हसत. थोर शास्त्रज्ञाचं चरित्र त्यांना साहेबांच्या कपाटात ठेवायला द्यायचं होतं, सन्मानानं.

"काय जादू आहे हो या पुस्तकात!" त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीनं त्या दिवशी दोनच वाक्यं म्हटली, तर तो सायकलवाल्याचा उनाड मुलगा सुधारला. स्वतःच्या पायानं शिकवणीला आला! त्याच्यामागून आणखी दोघं आली. मागच्या बाकावर बसून माझ्या मुलीशी अशी तावातावानं चर्चा करतात म्हणून सांगू! परवा तर हिनं रागानं कंपासपेटी आपटली. काल रडली. रात्री जेवताना मला म्हणाली, आई, उद्या लवकर जाऊ या. म्हटलं, गणितासाठी एवढी तळमळ! जन्मात नव्हती हो तिला."

मला एकदम भरून आलं. फरशीवर एकटी बसणारी ती पोर कुणाशी तरी कंपासपेटी आपटून भांडत होती. मी शिक्क्याची शाई सारखी करायचं निमित्त करून मान खाली घातली.

"मी जरा जवळ गेले की गप्प होतात," बाई म्हणाल्या. "मी मधे पडून नीट समजावून सांगू का, काय बरोबर, काय चूक ते?"

"नका हो," मी म्हटलं. "भांडू द्या त्यांना."

"तेही खरंच," बाई म्हणाल्या. "अभ्यास आहे शेवटी." आणि त्या साहेबांकडे किल्ली मागायला गेल्या.