सातव्या बोअरचा कोल्हा

गाडी हलते म्हणून मी शिंकायचं नाही, हा आमच्या कालाहारीतल्या संसाराचा पहिला नियम. दुसरा नियम, पुढची सीट माझी नाही. तिथे कास्परच्या कॅमेऱ्याच्या बॅगा बसतात आणि मी मागे, मांडीवर कॉफीचा थर्मास आणि टोस्टांचा डबा घेऊन. जुलैची सुट्टी आली की हेच. फोटो हललेला आला की नवरा म्हणणार, "आलिडा, तू श्वास घेतलास." बायकोने श्वास घेतला म्हणून कोल्हा पुसट आला, हे अपिंग्टनच्या आमच्या कॅमेरा क्लबात त्याने सगळ्यांना सांगून ठेवलंय.

त्याला फोटो हवा तो एकच. पाण्यावर होल्यांचा थवा उतरतो, कोल्हा उडी घेतो आणि हवेतच एक होला तोंडात पकडतो, तो क्षण. त्यासाठी त्याने हाताएवढी लांब लेन्स घेतली. नाकापेक्षा मोती जड. क्लबचा अध्यक्ष तोच, पण क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा कप काही त्याच्या हाती लागत नाही. आणि माझी बहीण तिकडे लॅम्बर्ट्स बेला समुद्राकाठी वाट बघतेय. तिच्या अंगणात निखाऱ्यावर मासा भाजत बसावं, एवढंच मला हवं होतं. शेवटी क्लबच्या जेवणात, दोन ग्लास पोटात गेल्यावर, कास्पर सगळ्यांसमोर बोलून गेला, "कोल्ह्या-होल्याच्या फोटोला कप मिळू दे, पुढचा जुलै आलिडाचा. समुद्रावर." मी ते वाक्य मनात गाठ मारून ठेवलं.

त्यामुळे गेल्या जुलैत त्याच्यापेक्षा घाई मलाच. अभयारण्याचं फाटक उघडायच्या आधी रांगेत आमची गाडी पहिली, मागे क्लबातल्याच टीनसची. टीनसचं टायरचं दुकान, आणि लेन्स कास्परच्या लेन्सपेक्षा वीतभर मोठी. तेवढ्यावरून दोघांचं वैर.

"काय अध्यक्ष, रात्री इथेच मुक्काम होता वाटतं," टीनस खिडकीशी येऊन म्हणाला.

"पुढची जागा पहिल्या गाडीची. तू मागे बसून माझ्या टायरचे फोटो काढ. तुझ्याच धंद्याचं आहे."

सातव्या बोअरच्या पाणवठ्यावर कास्परने गाडी इतकी पुढे नेली की मला वाटलं, आता टायरच पाणी पिणार.

"जरा मागे घे की," मी म्हटलं. "एवढी लांब लेन्स लांबचं बघायलाच असते ना?"

"तुला यातलं काय कळतं? गप्प बस." बहिणीचा निरोप आला की टिंग वाजतो म्हणून माझा फोन त्याने आधीच डिकीत टाकला होता. सिंहांच्या भीतीने गाडीतून उतरायला मनाई, म्हणजे फोन संध्याकाळपर्यंत तिथेच. क्लबच्या बाकीच्या गाड्या मागे अर्धगोल करून उभ्या राहिल्या. कोल्हा झुडपाखाली लोळत पडला होता.

ऊन तापलं तसे होले आले. कास्पर लेन्सला डोळा लावून पुतळा झाला. तेवढ्यात वरून ससाणा कोसळला. एका होल्याला त्याची धडक बसली, पण पकड काही बसली नाही. पिसं उडाली आणि होला भेलकांडत येऊन पडला तो थेट आमच्या पुढच्या चाकापाशी. कोल्हा उठला. धावत आमच्याकडेच आला. होला फडफडून उडाला, कोल्ह्याने उडी मारली, कास्परच्या दाराला पंजे टेकले आणि खिडकीखाली हवेतच होला धरला.

इतकी वर्षं मागितलेला क्षण देवाने दारात आणून दिला. आणि त्या लेन्सला चार-पाच पावलांच्या आतलं काही दिसत नाही. कास्पर लेन्स खाली करी, वर करी, तोंडाचा आ वासलेला.

"आलिडा, तुझा फोन! फोन दे!"

"डिकीत आहे," मी म्हटलं, आणि मला असं हसू फुटलं की गाडी गदागदा हलली. मागे बाकीचे कॅमेरे कडकडत होते.

दैव देतं आणि कर्म नेतं. पण तासाभरात कास्परची कळी खुलली. "निसर्ग गटात माणसाच्या हातचं काही दिसलं की फोटो बाद. नियम माझाच आहे. सगळ्यांच्या फोटोत माझी गाडी, म्हणजे सगळे बाद." टोस्ट कॉफीत बुडवून त्याने मिटक्या मारत खाल्ला. माझा समुद्रही त्याच कॉफीत बुडाला, असं मला वाटलं. रडू यायचंच बाकी होतं.

टीनस मात्र पक्का व्यापारी. त्याने तो फोटो 'माणसं' या गटात दिला. खाली होला पकडणारा कोल्हा, वर आभाळाकडे लेन्स रोखून आ वासलेला आमचा अध्यक्ष, मागे खिदळणारी मी. नाव दिलं 'शिकारी'. कप त्यालाच मिळाला. तो कप अध्यक्षाच्याच हातून द्यायचा होता.

घरी येताना मी म्हटलं, "कोल्ह्या-होल्याच्या फोटोला कप मिळाला. मी बहिणीला कळवलंय."

"तो माझा फोटो नव्हता."

"कुणाचा, ते तू बोलला नव्हतास. सगळ्यांनी ऐकलंय. आणि दार तुझं, तोंडही तुझंच."

यंदाचा जुलै मी समुद्रावर काढला. शिंकले, हसले, पोटभर श्वास घेतला. कास्पर एकटाच सातव्या बोअरवर गेला, गाडी चांगली लांब उभी केली. मागची सीट रिकामी होती. कोल्ह्याने उडी मारली म्हणे, अगदी समोर. तो फोटो कास्परने अजून मला दाखवलेला नाही. टीनसने सांगितलं, हललाय.