बदामाबाहेरचा बाप

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. बोईसरला स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत, काचेच्या कपाटात मी धूळ खात बसलो आहे. तुमच्यासारखी मुलं येतात, "केवढा मोठा!" म्हणतात आणि लगेच मोबाईल वर करून स्वतःचंच तोंड बघत बसतात. तुमच्या कौतुकावाचून माझं काही अडलेलं नाही. ऐकणार असाल तर सांगतो.

माझा जन्म जपानातल्या कारखान्यातला. भिंग इतकं स्वच्छ की पानावरची मुंगीही सुटू नये. आणि एवढं असून मी पडलो कुणाच्या हातात, तर शैलेशच्या. शैलेश म्हणजे या स्टुडिओचा मालक आणि लग्नाचा शूटिंगवाला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, ते मी अंगावर भोगलं आहे. डोळा माझा होता, पण मान त्याची. तो वळवील तिकडे बघायचं, एवढंच माझं काम.

शैलेशचं शास्त्र फार थोडं होतं. बाई दिसली की चेहरा, कंबर, मेंदी, बांगड्या. पुरुष दिसला की फेटा आणि आहेर घेणारे हात. बाईनं हसायचं ते लाजून आणि रडायचं ते धो धो. पुरुषानं यातलं काहीच करायचं नाही, नुसतं खांबासारखं उभं राहायचं. तेवढ्या अकलेवर त्यानं घिवलीपासून शिरगावपर्यंतची लग्नं उरकली. लोकही धन्य! "शैलेशचं शूटिंग बघितलं की डोळ्यांत पाणी येतं," म्हणायचे. त्याच्या खिशात ग्लिसरीनची बाटली असायची, हे कुणी विचारत नव्हतं.

घिवलीच्या आत्मारामकाकांच्या मुलीचं, दिशाचं लग्न मी विसरलेलो नाही. काकांची चिकूची वाडी होती. माणूस कमी बोलणारा, हसणंही मोजकंच. पाठवणीची वेळ झाली. बँजो जोरात वाजत होता आणि हॅलोजनचा झोत दिशाच्या तोंडावर होता. ती रडतच नव्हती. सारखी मान वळवून कुणाला तरी शोधत होती.

"बाबा कुठं हाय?" तिनं आत्याला विचारलं.

"वाडीत पाणी सोडाया गेला असंल. त्याला काय, झाडांचीच माया," आत्या म्हणाली.

शैलेशचा जीव भलत्याच गोष्टीत अडकला होता. "ताई, इकडं बघा. मान वळवू नका. आणि जरा रडा की! पाठवणी हाय, बाजाराला नाय चाललात तुमी."

"मला नाय येत रडू," दिशा म्हणाली.

मग बाटली निघाली. तिच्या डोळ्यांखाली दोन थेंब लागले, शैलेशनं मला तिच्या गालावर झूम करायला लावलं आणि स्वतःशीच "मस्त" म्हणाला. मला त्या "मस्त"ची आजही शिसारी येते.

कारण काका कुठंही गेले नव्हते. ते तिच्या मागेच होते. मांडवाची मेढ धरून, खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसून हुंदके देत होते. झूम करण्याआधी माझ्या चौकटीच्या उजव्या कडेला ते स्पष्ट दिसत होते. शैलेशलाही दिसले. त्यानं हातानं खूण केली आणि म्हणाला, "काका, बाजूला व्हा. फ्रेम खराब होते."

बँजोच्या दणदणाटात दिशाला हे ऐकू गेलं नाही. काकांनी डोळे पुसले, मान हलवली आणि सांगितल्यासारखे बाजूला झाले.

पुढे मिक्सिंगमध्ये शैलेशनं दिशाच्या चेहऱ्याभोवती लाल बदाम बसवला. वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या, खाली रडकं गाणं घातलं. बदामात ग्लिसरीन आलं आणि बदामाबाहेर बाप राहिला. गावानं सीडी बघितली आणि म्हटलं, पोरगी गुणाची हो, केवढी रडली. बाप मात्र दगड, पाठवणीलासुद्धा आला नाही.

यथावकाश मोबाईल आले, आकाशात ड्रोन घिरट्या घालू लागले आणि मी कपाटात गेलो. मला वाईट वाटलं नाही. निदान कुणाच्या कंबरेवर रोखलं जाणं तरी थांबलं.

आत्मारामकाका गेल्या होळीनंतर वारले. परवा दिशा स्टुडिओत आली. सीडी खराब झाली होती, पण तिच्या आईनं, वत्सलाकाकूंनी, तेव्हाच हट्टानं मागून घेतलेली मूळ कॅसेट डब्यात जपून ठेवली होती. ती कॅसेट माझ्याशिवाय कुणात चालत नाही, म्हणून शैलेशनं मला खाली काढलं.

"पेनड्राइव्हवर घालून द्या," दिशा म्हणाली. "बाबा नायच त्यात. पण आईला पाहिजे."

माझ्या छोट्या पडद्यावर पाठवणी सुरू झाली. मेढ दिसली, टॉवेल दिसला. दिशा पुढे वाकली. तेवढ्यात कॅसेटमधून शैलेशचाच आवाज आला, "काका, बाजूला व्हा. फ्रेम खराब होते."

दिशानं पडद्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मागं घ्या." शैलेशनं मागं घेतलं. पुन्हा काकांनी डोळे पुसले, पुन्हा मान हलवली, पुन्हा बाजूला झाले.

"ते कापून देतो ना, ताई," शैलेश म्हणाला. इतक्या वर्षांत गडी तसूभर शहाणा झाला नव्हता.

"माझं रडणं कापा," दिशा म्हणाली. "ते खोटं हाय. हे ऱ्हाऊ द्या." आणि मग ती रडली. बाटली न काढता. शैलेशला बघवेना, तो बाहेर जाऊन उभा राहिला. ती माझा पडदा उजवीकडे वळवून वळवून बघत होती. कडेच्या पलीकडे बाबा अजून उभे असतील, असं तिला वाटत असावं.

मित्रांनो, आता मी "जुन्या वस्तू जपा" म्हणेन, अशी तुमची समजूत असेल. मला खुशाल भंगारात घाला. पण तुमच्यावर कॅमेरा रोखून कुणी "मान वळवू नका" म्हणालं, तर आधी मान वळवा.