भवानीचा परिच्छेद

भवानीच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला आणि ऑफिसातला जो तो एकाएकी कामात बुडाला. कुणी मान वर करेना. भवानी वारली त्याला दोन महिने होऊन गेले होते.

"अदिती, पत्रांतलं नाव बदललं नाहीस?" आमचे साहेब नवीनसर यांनी विचारलं.

आमच्या अड्यारच्या कॉलेजात प्रवेशाचा निकाल कळवणारी पत्रं माझ्याकडे. प्रवेश, प्रतीक्षा यादी, नकार, सगळ्यांचा मजकूर वेगळा. शेवटचा परिच्छेद मात्र एकच. तो एकदाच लिहून ठेवलाय, सगळी पत्रं तिथूनच उचलतात. 'मनात काही असेल तर भवानी यांना फोन करा' आणि खाली तिचा नंबर. तिथे एक शब्द बदलला की सगळीकडे बदलतो. म्हणूनच माझा हात धजेना. दोनदा परिच्छेद उघडला, दोनदा तसाच बंद केला. पत्रांत तरी ती अजून कामावर होती. काल पत्रं गेली, तिच्या नावानिशी.

भवानी तंजावरच्या मराठ्यांतली. 'सगळं'ला 'अस्कं' म्हणायची. मी नाशिकची, फिदीफिदी हसायचे. नकार मिळालेल्या पोरांचे फोन आले की ती आधी तमिळमध्ये विचारायची, "साप्टाचा?" जेवण झालं का?

"अगं, त्याचं वर्ष गेलंय आणि तू जेवणाचं काय विचारतेस?"

"उपाशी पोटी रडू नये कण्णा." लाडानं ती मला कण्णाच म्हणायची. " पहिलं जेव म्हणायचं, मग अस्कं ऐकायचं."

फोन थांबला. पुन्हा वाजला. खरं सांगते, क्षणभर वाटलं, ती उचलेल.

"तो परिच्छेदच काढून टाक," नवीनसर म्हणाले. "नकार दिल्यावर बोलायचं काय उरतं? उद्या दुसरी यादी जातेय."

मी उठले आणि तिच्या खुर्चीत जाऊन बसले. पाठीशी अजून तिची चपटी उशी होती. फोन उचलला.

"भवानी मॅडम?" मुलीचा आवाज. पुढे तिला बोलवेना.

माझं तमिळ भाजीवाल्यापुरतं. धीराचं एक वाक्य आठवेल तर शपथ. तोंडून निघालं ते तिचंच.

"साप्टाचा?"

पलीकडे ती हमसाहमशी रडायला लागली. मी रिसीव्हर घट्ट धरून बसले. मीही रडत होते. ऑफिस बघत होतं तर बघू दे.

पोरगी शांत झाल्यावर फोन ठेवला आणि माझ्या जागी येऊन परिच्छेद उघडला. नवीनसर मागे उभे होते.

"काढतेयस ना?"

"नाही सर. नाव बदलतेय. नंबर तोच राहू दे."

भवानी पुसलं, अदिती लिहिलं, सेव्ह केलं. एका झटक्यात ती सगळ्या पत्रांतून गेली. दुसऱ्यांदा गेली. मी तिचं नाव शोधून पाहिलं. कुठेच सापडलं नाही.

तिकडे तिचा फोन पुन्हा वाजला. मी जाऊन तिची खुर्ची पुढे ओढली.