पाच नंबरच्या पंपाचा साक्षीदार

मी एक स्क्रू ड्रायव्हर. वीतभर लांब, लाकडी मुठीचा आणि स्वभावानं पक्का घाबरट. लोखंडाला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची दुखणीच ऐकली, त्याच्या जिवाला स्वस्थता कुठून मिळणार?

मला आणलं होतं ते पेच पिळायलाच. पण पाणी उपसणाऱ्या पंपघरातल्या म्हाताऱ्या फिटरनं पहिल्याच आठवड्यात माझं टोक चालत्या पंपावर टेकवलं आणि मूठ आपल्या कानाशी दाबून धरली. पंपाचा दांडा बेअरिंगमध्ये फिरतो. बेअरिंग धड असलं की माझ्यातून एकसारखा घुमारा येतो. बिघडायला लागलं की आवाज खरखरीत होतो, दळणात खडा आल्यासारखा. तेव्हापासून पेच दुसऱ्यांनी पिळले. मी लोकांचे कान भरायचं काम केलं, पण कधी खोटं सांगितलं नाही.

म्हातारा निवृत्त झाला तेव्हा त्यानं मला आपल्या हाताखालच्या फिटरला दिलं. तेच माझे मालक. त्यांचा कान म्हाताऱ्यापेक्षाही तयार होता, आणि तोच त्यांना नडला.

एका सकाळी दोन नंबरच्या पंपावर खरखर ऐकू आली. मालक तरुण होते. आगापिछा न बघता त्यांनी तिथल्या तिथे पंप बंद करून खोलायला लावला. अर्ध्या शहराचे नळ दुपारपर्यंत कोरडे राहिले. आत बेअरिंग कसं, तर आरशासारखं लखलखीत. बिघाड शेजारच्या तीन नंबरमध्ये होता. दोन्ही पंप एकाच पाइपात पाणी सोडतात, आणि त्या पाइपातून आवाज इकडे चालत आला होता.

"ताप शेजाऱ्याला आणि इंजेक्शन याला," असं म्हणून सगळ्यात मोठ्यानं हसला तो मामा. मामा म्हणजे मालकांचा जोडीदार. पंपघरात लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणत. दोघं रोज एकाच डब्यातून जेवायचे. त्या दिवसापासून मालकांचं नाव डॉक्टर पडलं. साहेब हसले, झाडूवाली हसली, मालकही हसले. पण हसताना त्यांची बोटं माझ्या मुठीवर किती घट्ट आवळली होती, ते मला माहीत आहे.

पुढे मालकांनी गुपचूप एक युक्ती शोधून काढली. संशय आला की शेजारचा पंप मिनिटभर बंद करायचा आणि पुन्हा ऐकायचं. खरखर राहिली, तर दुखणं इथलंच. पुन्हा कधी त्यांचं निदान चुकलं नाही. पण ही युक्ती त्यांनी कुणाला सांगितली नाही आणि निदानही सांगायचं सोडलं. स्वतःच वंगण भरायचे, स्वतःच नट आवळायचे. हाताची घडी, तोंडावर बोट.

मग पाच नंबर खरखरू लागला.

शेजारचा पंप बंद करून ऐकलं, तरी खरखर तशीच. म्हणजे शंकेला जागाच नव्हती. मालकांनी वंगण भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आवाज वाढत होता. "सांगा, अहो सांगा कुणाला तरी," असं मी माझ्या परीनं त्यांच्या कानात कण्हत होतो. दोनदा ते साहेबांच्या दारापर्यंत गेलेही. आतून हसण्याचा आवाज आला आणि ते मागे फिरले. आत वेगळ्याच कशावर तरी हसत होते.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी मामा पंप तापलाय का ते बघायला हात लावून उभा होता. बेअरिंग जाम झालं, दांडा हिसडला, वरचं लोखंडी झाकण फुटलं आणि मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "आधी काही आवाज वगैरे आला होता?"

"नाही, साहेब," मालक म्हणाले.

तेव्हा मी त्यांच्या खिशात होतो. वाटलं, गळून खाली पडावं आणि खणखणाट करावा. पण ते माझ्या हातात नव्हतं.

मामाला स्टोअरमध्ये बसतं काम मिळालं. डबा दोघांचा एकच राहिला. मामा डाव्या हातानं जेवायला शिकला आणि मालक खाली मान घालून जेवायला.

अशी वीस वर्षं गेली. मालकांच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना नव्या इंजिनीअर मॅडमनी त्यांना मला कानाशी लावलेलं पाहिलं.

"हे सगळ्यांना शिकवा," त्या म्हणाल्या. "सगळ्या पंपघरांची माणसं बोलावते. चाळीस जण होतील."

"मला चारचौघांत बोलायला जमत नाही, मॅडम."

"मग तुम्ही घरी गेलात की हे कानही घरी जाणार. पुढे एखादा पंप फुटला तर?"

"शिकवतो," मालक म्हणाले. मॅडमना काय माहीत, त्यांनी कुठे बोट ठेवलं ते.

त्या आठवड्यात मालकांनी भाषण लिहून काढलं. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात मला हातात धरून ते भाषण म्हणायचे. त्यांची बायको भाजी चिरता चिरता ऐकायची. एकदा ती म्हणाली, "छान आहे. पण ह्यात तुम्ही कुठेच चुकला नाहीत. असा माणूस मी तरी पाहिला नाही." मालक भाषण अर्धवट टाकून बाहेर निघून गेले.

तो दिवस आलाच. हॉल भरला होता आणि तिसऱ्या रांगेत मामा होता. मालकांच्या तळहाताला एवढा घाम, की मी दोनदा निसटलो. आवाज कसा ओळखायचा ते त्यांनी कसंबसं सांगितलं. मग म्हणाले, "आणि एक. आधी शेजारचा पंप बंद करायचा."

"का?" मागून कुणीतरी विचारलं.

नियम आहे, एवढं म्हणून सुटता आलं असतं. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? पण मालकांनी दोन नंबरची गोष्ट सांगितली. हॉल खदखदून हसला. मामाही हसला. हसू ओसरेपर्यंत ते थांबले.

"तुम्ही हसलात तसेच तेव्हाही सगळे हसले," ते म्हणाले. "त्या हसण्याला भिऊन मी पुढे गप्प बसलो. पाच नंबर फुटायच्या आधी आठ दिवस खरखरत होता. मला ऐकू येत होतं. मी कुणाला सांगितलं नाही, आणि चौकशीत खोटं बोललो."

मामा उभा राहिला.

"आठ दिवस?" त्यानं विचारलं.

"आठ दिवस."

"रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतास."

"हो."

मामा किती वेळ उभा होता कोण जाणे, मला तो जन्म वाटला. मग तो म्हणाला, "शिकव पुढे. माणसं लांबून आलीत." आणि खाली बसला.

मालकांनी पुढचा तासभर शिकवलं. आवाज कापत होता, पण एकदाही थांबला नाही. नंतर चाळीसच्या चाळीस जणांनी रांग लावून मला कानाशी धरलं. मामा रांगेत नव्हता. दुसऱ्या दिवशीपासून डबे दोन झाले.

आता मालक निवृत्त झालेत आणि मी पंपघरात भिंतीवरच्या खिळ्याला असतो. ज्याला हवं तो मला उचलतो. मूठ झिजलीय, टोक बोथट झालंय, आणि भीती म्हणाल तर आहे तेवढीच आहे. कुणी मला कानाला लावून गप्प उभं राहिलं की अजून माझा जीव वरखाली होतो. त्याला मी एवढंच विनवतो, की बाबा, काय ऐकू आलं ते मोठ्यानं बोल. चुकलास तर हसतील, आणि बोटं सगळ्यांची शाबूत राहतील.

परवा मामा आला. त्यानं मला खिळ्यावरून काढलं, तीन बोटांनी माझी मूठ धरली आणि मला पाच नंबरवर टेकवलं. मी मन लावून घुमलो. त्यानं शेजारचा पंप बंद करायला लावला आणि पुन्हा ऐकलं. मग खिशातून फोन काढला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुझा पाच नंबर ठणठणीत आहे. म्हटलं, तुला सांगावं."