कानात सांगायचं नाव

पूर्णिमाच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसचं, म्हणजे कपाटाचं, दार बिजागरीवर बसवण्याआधी डेक्लननं ते ओट्यावर आडवं टाकलं, कानामागची सुतारी पेन्सिल काढली आणि दाराच्या आतल्या, रंग न दिलेल्या बाजूवर स्वतःचं नाव लिहिलं. आधी साध्या अक्षरांत, मग त्याखाली सगळं कॅपिटलमध्ये.

"वरचा मी," तो म्हणाला. "खालचा मी नाही. खालचा सरकारनं कागदावर बनवलेला माणूस. बिलं, दंड, नोटिसा सगळं त्याच्या नावानं येतं. मी कशाला ओ देऊ?"

पूर्णिमानं चहाचे कप मांडले. आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलात नोकरी धरल्यापासून ती कपाटाला प्रेस म्हणायला शिकली होती, पाऊस पडत असताना हवेला 'ग्रँड' म्हणायलाही शिकली होती. पण शेजारच्या या भल्या माणसाचं हे नवं खूळ काही तिच्या पचनी पडत नव्हतं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"दर गुरुवारी पबच्या माडीवर एक जण येतो. मोठा अभ्यास आहे त्याचा."

"कोर्टात हे बोलणाऱ्याला न्यायाधीश हसतात, डेक्लन."

"हसणारच. त्यांचं नावही कॅपिटलमध्येच असतं ना!"

पालथ्या घड्यावर पाणी. एरवी पूर्णिमानं विषय सोडून दिला असता. पण तेवढ्यात मागच्या दारानं डेक्लनची बायको नुआला आत आली. तिच्या खांद्यावर त्यांची दोन महिन्यांची मुलगी झोपली होती, आणि घोडं नेमकं या मुलीपाशीच अडलं होतं. जन्माची नोंद केली की सरकार हिचाही कागदी जुळा तयार करणार, म्हणून डेक्लन नोंद करू देईना. चर्चमध्येही वही असते, म्हणून बाप्तिस्माही नाही. नाव मोठ्यानं उच्चारलं तर कुणीतरी लिहून घेईल, या धास्तीनं पोरीला घरात सगळे नुसतं 'ती' म्हणत.

"शनिवारपर्यंत नोंदणीचं कबूल कर," नुआला नवऱ्याला म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. "नाहीतर रविवारी हिला घेऊन मी किलकेनीला, आईकडे. परत कधी येशील, ते विचारू नकोस."

डेक्लननं मान खाली घातली आणि तो स्क्रू शोधायला लागला. स्क्रू त्याच्या हातातच होते.

पूर्णिमाला त्याची फार दया आली. मूर्ख नव्हता तो. या वसाहतीतली निम्मी स्वयंपाकघरं त्याच्या हातची. बांधकामं बंद पडली त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि तेव्हापासून रोज सकाळी दारातून पाकिटं पडत होती, सगळ्यांवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत, कुणी ओरडून हाक मारल्यासारखं. ती हाक दुसऱ्याच कुणासाठी असावी, एवढंच त्याला हवं होतं. आणि पोरीला तरी ती ऐकावी लागू नये.

ब्लँचर्डस्टाउनच्या कामावरून राजस दमून आला, तोवर चहा निवला होता. नवऱ्याला पूर्णिमानं थोडक्यात सगळं सांगितलं. तो हसत सुटला.

"डेक्लन, तू कॅपिटलचं काय घेऊन बसलास? माझ्या बायकोचं जन्मनाव मला लग्नाला नऊ वर्षं होऊनही माहीत नाही!"

"राजस!" पूर्णिमानं डोळे वटारले.

"खोटं आहे का? पूर्णिमा हे व्यवहारातलं नाव. जन्मनाव वेगळंच. ते आत्यानं कानात सांगितलं, आणि ही बया ताकास तूर लागू देत नाही."

डेक्लनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"म्हणजे तुमच्याकडे दोन नावं असतात? आणि कागदावर एकच?"

"कागदावर व्यवहारनाव," पूर्णिमा सावकाश म्हणाली. "कामापुरतं. दुसरं फक्त कानात. आणि आधी कानात, मग जगाला." मग तिला राहवलं नाही. "हा कायदा नाही हं, डेक्लन. कोर्टात याची दमडीही किंमत नाही. ही नुसती आमची रीत."

"कोर्टाला कोण विचारतंय?" डेक्लन म्हणाला. "करू या आपण हे. नोंदणीचं मग बघू."

'मग बघू' ऐकून नुआलाचे ओठ घट्ट मिटले.

शनिवारी दुपारी पूर्णिमाच्या बैठकीच्या खोलीत बारसं झालं. बारावा दिवस कधीच उलटून गेला होता, पण मलिंगारात विचारणार कोण? पाळणा डेक्लननं उरलेल्या ओकचा केला होता आणि तो इतका सुरेख झाला होता, की राजस त्यावरून हातच फिरवत बसला. वरवंटा नव्हता, म्हणून खलबत्त्यातल्या बत्त्याला टोपडं घातलं. तो "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत पाळण्याखालून फिरला, तेव्हा नुआलासुद्धा खुदकन हसली. डेक्लनची आत्या ब्रायडी खास बसनं आली होती. ऐंशीच्या घरातली बाई. डेक्लनची आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच त्याला वाढवलं होतं.

"याच्यानं पोर हिंदू नाही ना होणार?" तिनं विचारलं.

"नाही हो, आजी. नुसतं नाव."

"मग चालू दे. घुगऱ्या छान झाल्यात."

डेक्लनची बहीण ऑस्ट्रेलियात, म्हणून आत्याचा मान पूर्णिमाकडे आला. ती पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानाला ओठ लावून, आदल्या रात्री स्वतःलाच सुचलेलं नाव तिनं सांगितलं, आणि 'कुर्रर्र' होताच पाठीत धपाटे बसले. ते हळू मारायचे असतात, हे सांगायचं राहून गेलं होतं. ब्रायडीचा हात चांगलाच जड होता.

मग सगळ्यांसाठी मोठ्यानं नाव जाहीर झालं: रोशीन. नुआलानं ते चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. दोन महिने तोंडात अडकून राहिलेला घास सुटला जणू. बाळानं जांभई दिली.

टाळ्या वाजवणाऱ्यांत डेक्लन नव्हता. तो पाळण्याचा दांडा धरून उभा होता.

"मोठ्या माणसाचं करतात का हे?" त्यानं विचारलं.

राजस हसायला लागला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

"आत्या हजर असेल तर करतात," पूर्णिमा म्हणाली. हा नियम तिनं त्याच क्षणी केला होता.

ब्रायडीनं घुगऱ्यांची वाटी बाजूला ठेवली. डेक्लन, सहा फुटी माणूस, तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. तिनं त्याचं डोकं ओढून जवळ घेतलं, कानाभोवती तळहाताचा आडोसा केला आणि बोलत राहिली. कुठलंही नाव एवढं लांब नसतं. डेक्लनचे कान लाल झाले, खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय, ते त्यानं चेहरा वर करीपर्यंत कुणालाच कळेना. चेहरा वर केला तेव्हा तो दोन्ही करत होता.

म्हातारीच्या पाठीत धपाटा घालायला कुणी धजेना.

"अरे, मारा की!" ब्रायडी करवादली. "रीत म्हणजे रीत."

पहिला धपाटा नुआलानं घातला. मग एकच हलकल्लोळ उडाला. त्या गोंधळात डेक्लन डोळे पुसत उठला आणि पाळण्यातून रोशीनला उचलून, तिच्या टाळूवर हनुवटी टेकवून बायकोला म्हणाला,

"सोमवारी किती वाजता उघडतं गं ते ऑफिस?"