मास्तरांची दाढी

खरी सेवा गुपचूप करायची असते. न्हावीदादांना हे तत्त्व पूर्ण मान्य होतं, आणि भेटेल त्याला ते तसं सांगतही असत.

चर्चच्या वृद्धाश्रमात दर शनिवारी सकाळी ते म्हाताऱ्यांच्या दाढ्या फुकट करून देत. पाळकसाहेब एकदा प्रवचनात म्हणाले होते की, ज्याच्या हातात जे काम आहे तीच त्याची उपासना. त्याच आठवड्यात न्हावीदादा वस्तरा, वाटी आणि ब्रश घेऊन आश्रमात हजर झाले होते. त्याला आता इतकी वर्षं झाली होती की, नवी मेट्रन येण्याआधीची मेट्रनही त्यांना ‘आमचे दादा’ म्हणायची. काम चोख. तोंडातून शब्द नाही. माणूस बसला, फेस लागला, चार हात फिरले, माणूस उठला. गालावरून माशी घसरावी अशी दाढी.

मग मेव्हणा आला.

बायकोचा धाकटा भाऊ. वर्षभर दुकानात हाताखाली शिकला आणि एका रात्री जेवताना म्हणाला, “दाजी, मीपण येऊ का शनिवारी? देवाचं काम आहे, मलाही थोडं पुण्य मिळेल.”

“अगदी ये!” बायकोच म्हणाली, वर नवऱ्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. पोळी तोंडात असताना माणूस नाही कसं म्हणणार?

तसा पोरगा वाईट नव्हता. हात अजून कच्चा होता, जबड्याखाली हमखास खुंट राहायचे. पण तोंडाची टकळी अखंड चालू. “काका, पाणी गरम आहे ना? झोप लागली का रात्री? सुनेचा फोन आला?” दाढी करतोय की मुलाखत घेतोय तेच कळत नसे. न्हावीदादा मनात हसायचे. चार दिवसांची हौस, म्हणायचे.

ऑर्गनमास्तर मेव्हण्याकडे जाऊन बसेपर्यंत ते हसत होते.

मास्तर म्हणजे चर्चमध्ये जन्मभर ऑर्गन वाजवलेला माणूस. न्हावीदादांच्या लग्नात त्यांनीच वाजवला होता, पोरीच्या बाप्तिस्म्यालाही. आश्रमातली ही एक दाढी न्हावीदादा आपली मानत. बाकीच्या सेवा, ही ठेव. आणि आता ती ठेव, आपल्या डोळ्यांदेखत, मेव्हण्याच्या हाती हनुवटी देऊन बसली होती. एक शनिवार झाला, दुसरा झाला. तिसऱ्या शनिवारी मास्तर डोळे मिटून मोठ्याने म्हणाले, “बाळा, आता कुठे तुझ्या हाताला गोडी आली रे!”

न्हावीदादांच्या अंगाचा तिळपापड झाला. हाताखालच्या पेन्शनर कारकुनाची त्यांनी इतक्या जोरात दाढी केली की कारकून म्हणाला, “दादा, माझं काय चुकलं?”

“त्यांच्या मानेवर अर्धी दाढी तशीच राहिलीये,” घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले.

“कुणाच्या?”

“मास्तरांच्या. तुझ्या भावाने सोडलेली.”

“अहो, त्या म्हाताऱ्याला कुठे लग्नाला उभं राहायचंय?”

“प्रश्न दाढीचा नाही. देवाच्या कामात कसूर नको.”

“कसूर नको की मेव्हणा नको?” एवढं बोलून ती भांडी घासायला निघून गेली. या बाईला पाळक करायला हवं होतं, असं न्हावीदादांना पूर्वीही वाटलं होतं.

रात्री त्यांनी गुडघे टेकले. “प्रभू, माझ्या मनातला मत्सर काढून टाक,” असं मनापासून म्हणाले. घाई मात्र केली नाही. आधी मास्तर परत यावेत, मग मत्सर जावा, असा क्रम त्यांना सोयीचा वाटत होता.

शुक्रवारी संध्याकाळी दोघांचेही वस्तरे चामड्याच्या पट्ट्यावर परजायचं काम न्हावीदादांचं. त्या शुक्रवारी त्यांनी स्वतःचा वस्तरा असा परजला की केसाच्या दोन चिरफळ्या व्हाव्यात. मेव्हण्याचा पट्ट्यावरून जेमतेम फिरवला. मुद्दाम नाही, असं ते स्वतःला म्हणाले. हात दुखत होता.

आणि इथेच त्यांनी आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. वस्तरा ओढतोय हे मेव्हण्याला पहिल्याच गालावर कळलं. त्याने हात हलका केला, फेस दोनदा लावला, गरम पाण्यात पंचा पिळून गालांवर ठेवला आणि ऊब मुरेपर्यंत गप्पा मारत बसला. धार नाही म्हणून सबुरी आली. म्हाताऱ्यांना सबुरी फार आवडली. “काय लाड करतोय पोरगा!” असं सगळ्या हॉलभर झालं. न्हावीदादांच्या लखलखीत धारेखालून लोक भराभर मोकळे होत होते आणि मेव्हण्याच्या रांगेपाशी गंमत बघायला जाऊन उभे राहत होते.

मेट्रनबाई म्हणाल्या, “दादा, तुम्हीच शिकवलंत ना त्याला? नशीबवान आहात.”

“हो,” न्हावीदादा म्हणाले. ते कौतुक त्यांना वस्तऱ्याच्या पात्यासारखं गिळावं लागलं.

पुढच्या शनिवारी मेव्हण्याला ताप भरला. न्हावीदादांनी त्याची विचारपूस केली, काढा प्यायला लावला, अंगावर पांघरूण घातलं आणि शीळ घालत आश्रमात गेले.

मास्तर आले, बसले, हनुवटी वर केली. फेस लागला. हॉलमध्ये फक्त ब्रशचा आवाज.

“काय रे, आज पुन्हा मुका झालास?” मास्तर म्हणाले.

“मी?”

“मग कोण? इतकी वर्षं तू हूं की चूं केलं नाहीस. मला वाटायचं, याच्या घरी काहीतरी दुःख असणार. रोज रात्री तुझ्यासाठी प्रार्थना करायचो मी. प्रभू, या न्हाव्याची जीभ मोकळी कर. आणि गेल्या काही आठवड्यांत केली की त्याने! मी आभारही मानून झालो. आता हे काय?”

न्हावीदादांचा हात गळ्यापाशी थांबला. मोतीबिंदूमुळे मास्तरांना चेहरे दिसत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण ऑर्गन वाजवलेल्या माणसाचे कान दोन आवाज ओळखत नसतील, हे मनात आलं नव्हतं. मग त्यांच्या ध्यानात आलं: इतक्या वर्षांत मास्तरांना ओळखायला त्यांनी आवाज दिलाच कुठे होता?

“मास्तर, आम्ही दोघं आहोत. बोलतो तो माझा मेव्हणा.”

मास्तरांनी हनुवटी खाली घेतली. “म्हणजे ज्याच्यासाठी प्रार्थना केली तो कोण?”

“मी.”

“तू तर अजून मुकाच आहेस की.”

“हो.”

“मग मी आभार घाईने मानले,” मास्तर म्हणाले आणि हनुवटी पुन्हा वर केली.

न्हावीदादांनी पंचा गरम पाण्यात पिळला. गालांवर ठेवला. खाकरले. “पाणी... गरम आहे ना?” त्यांनी विचारलं. पुढे काय विचारतात ते त्यांना आठवेना, म्हणून मनात होतं ते बोलले. रांगेबद्दल बोलले, तिळपापडाबद्दल बोलले, बायको काय म्हणाली ते, आणि शेवटी न परजलेल्या वस्तऱ्याबद्दलही. एवढं तर ते पाळकसाहेबांपाशीही कधी बोलले नव्हते. बोलता बोलता हात आपोआप सावकाश झाला. जबड्याखाली कधी नव्हे तो एक खुंट राहिला, आणि त्यांनी तो राहू दिला. मास्तर मध्येच घोरायला लागले होते.

शुक्रवारी त्यांनी दोन्ही वस्तरे सारखे परजले.

शनिवारी मेव्हणा बरा होऊन आला. न्हावीदादांनी पंचा गरम करून तयार ठेवला, घसा साफ केला आणि वाट पाहत उभे राहिले. मास्तर काठी टेकत आत आले आणि मेव्हण्याच्या खुर्चीत बसले. ती दाराजवळ होती.